ग्दान्स्कच्या युनियनला टाळ्या, घरच्या युनियनला टाळे: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका कामगार महासंघाचे आहे. एएफएल-सीआयओ ही अमेरिकेतल्या युनियनांची शिखर संघटना. १९८० नंतर तिने पोलंडमधल्या 'सॉलिडॅरिटी' या स्वतंत्र युनियनला उभे राहायला आणि टिकून राहायला जी मदत केली, ती परदेशी लोकशाहीला हात देण्याच्या प्रयत्नांतली सर्वांत यशस्वी मदत मानली जाते. त्याच पंधरा वर्षांत महासंघाचे स्वतःचे घर मात्र रिकामे होत गेले. या दोन गोष्टी योगायोगाने शेजारी आल्या नाहीत. परदेशी लोकशाही नेण्याची चर्चा बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्ष आणि राजदूत यांच्याभोवती फिरते. ती लोकशाही घरच्या कोणत्या वर्गाच्या खांद्यावरून जाते आणि त्या खांद्याचे पुढे काय होते, हे विचारायचे राहून जाते. इथे ते विचारले आहे.

पार्श्वभूमी

१ जुलै १९८० रोजी पोलंडमध्ये मांसाचे भाव वाढले आणि ठिकठिकाणी काम थांबू लागले. ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत आना वालेन्तिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईंना निवृत्तीला पाच महिने उरले असताना कामावरून काढले. १४ ऑगस्टला गोदी बंद पडली. संपकऱ्यांनी २१ मागण्या प्लायवूडच्या दोन फळ्यांवर रंगाने लिहिल्या आणि त्या गोदीच्या दोन नंबरच्या फाटकाला टांगल्या.

या फळ्या नीट वाचाव्यात अशा आहेत. मांस, घरे, प्रसूतीची रजा, निवृत्तीचे वय असे सगळे त्यात आहे, पण पहिल्या ओळीत पगार नाही. पहिली मागणी पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र अशा युनियनची आहे, आणि तिला आधार दिला आहे तो आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८७व्या कराराचा, जो पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने स्वतःच मान्य केला होता. दुसरी मागणी संपाच्या हक्काची. ३१ ऑगस्टला सरकारने सही केली. वर्षभरात साडेतीन कोटींच्या देशात युनियनचे सभासद १ कोटीच्या घरात गेले.

एवढी मोठी संघटना एका संपातून उभी राहिली नव्हती. १९७६ मध्ये रादोम आणि उर्सुस इथल्या कामगारांना मारहाण झाली, नोकऱ्या गेल्या, खटले भरले गेले. तेव्हा वॉर्सातल्या लेखक, वकील, प्राध्यापक मंडळींनी त्यांच्या बचावासाठी समिती काढली: वकील द्यायचा, कुटुंबाला पैसे पोहोचवायचे, खटल्याची बातमी छापायची. १९७० च्या डिसेंबरात गोदी कामगारांवर गोळ्या चालल्या होत्या तेव्हा बुद्धिजीवी गप्प होते. १९६८ मध्ये विद्यार्थी मार खात होते तेव्हा कामगार गप्प होते. दोन वर्ग वेगवेगळे हरले होते, आणि १९७६ नंतरच्या चार वर्षांत त्यांनी एकमेकांचे उंबरठे ओलांडले.

८७वा करार अमेरिकेने तेव्हा मान्य केलेला नव्हता, आजही केलेला नाही. भारतानेही नाही. मुंबईच्या वाचकाला तर ही पहिली मागणी ओळखीची वाटेल. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा बोनस आणि पगारवाढीइतकाच वाद मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालेल्या एकमेव मान्यतेचा होता. आपली युनियन कोणती, हे कामगारांनी ठरवायचे की सरकारने? ग्दान्स्क, वॉशिंग्टन आणि परळ, तिन्हीकडे हा प्रश्न दीड वर्षाच्या आत उभा राहिला.

आता मदत करणारी बाजू. महासंघाचे अध्यक्ष लेन कर्कलंड १९७९ च्या अखेरीस पदावर आले होते. कडवे कम्युनिस्टविरोधी आणि तितकेच कडवे युनियनवाले. त्यांच्या वाट्याला एक अवघड वारसाही आला होता. १९६२ पासून महासंघाची लॅटिन अमेरिकेतली संस्था सरकारी पैशावर चालत होती, तिच्या मंडळावर बड्या कंपन्यांचे मालक बसत होते, आणि ब्राझीलमधल्या १९६४ च्या लष्करी उठावाशी तिचे नाव जोडले गेले होते. डाव्या कामगार चळवळीत महासंघाला 'एएफएल-सीआयए' म्हणत, ते उगाच नव्हे.

पहिला निर्णय: मदत उघड की गुपचूप

सप्टेंबर १९८० च्या पहिल्या आठवड्यात तीन वाटा होत्या. काहीच न करणे, म्हणजे मॉस्कोला निमित्त मिळणार नाही. गुप्तपणे पैसे पोहोचवणे, म्हणजे जुनीच पद्धत. किंवा उघडपणे, नाव घेऊन, सभासदांच्या पैशातून देणे. परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की यांनी कर्कलंड यांच्याकडे चिंता बोलून दाखवली की अशा मदतीचा मुद्दाम विपर्यास केला जाईल. कर्कलंड यांनी ४ सप्टेंबरला पोलिश कामगार मदत निधी जाहीर करून टाकला. सुरुवात २५,००० डॉलरची.

हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय, आणि तो का जमला हे पाहण्यासारखे आहे. रक्कम लहान होती, पण ती वर्गणीची होती, आणि तिचा हिशेब सभासदांना दाखवता येत होता. सरकारने नको म्हटले तरी देता येत होती. मस्की यांनाही सोव्हिएत राजदूताला सांगता आले की हा महासंघ आमच्या हुकमातला नाही. हे वाक्य खरे असण्यासाठी आधी घरात स्वतंत्र युनियन लागते. ती होती म्हणून मदत पोहोचली.

काय द्यायचे, हे देणाऱ्याने ठरवले नाही. ग्दान्स्कहून मागणी आली ती छपाईच्या सामानाची: ऑफसेट यंत्रे, डुप्लिकेटर, टंकलेखन यंत्रे, शाई, कागद. युनियनला स्वतःचे पत्रक काढता आले नाही तर तिची पोहोच फाटकावरच्या सभेपुरती राहते. दहा हजार कारखान्यांत विखुरलेल्या लोकांना एकाच दिवशी एकच मजकूर हवा असतो.

या सामानाची खरी किंमत १३ डिसेंबर १९८१ नंतर कळली. त्या पहाटे पोलंडचे सत्ताधारी जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा लावला, हजारो कार्यकर्ते उचलले, टेलिफोन कापले. १६ डिसेंबरला वुयेक खाणीत ९ खाणकामगार गोळीबारात मेले. छपाई भूमिगत झाली. जिथे यंत्र नव्हते तिथे लाकडी चौकटीवर ताणलेले कापड, त्यातून रबरी पट्टीने ढकललेली शाई, आणि शाई तरी कुठली, तर हात धुण्याच्या पेस्टमध्ये कालवलेला रंग. प्रत्येक छापानंतर चौकट उचलायला एक हात अडकायचा. तो मोकळा करायला चड्डीतले इलॅस्टिक काढून चौकटीला बांधत. 'तिगोद्निक माझोव्शे' या भूमिगत साप्ताहिकाचे १९८२ ते १९८९ या काळात २९० अंक निघाले, ते घराघरांत विखुरलेल्या अशा छापखान्यांतून. बाहेरून येणारा एखादा साच्याच्या शाईचा डबा इथे भाषणापेक्षा मोलाचा होता. १९८२ च्या उन्हाळ्यात ब्रसेल्समध्ये सॉलिडॅरिटीचे परदेशातले कार्यालय उघडले आणि सामानाचा बराच ओघ पश्चिम युरोप आणि स्वीडनमार्गे वळला. सीआयएनेही १९८२-८३ पासून आपला वेगळा गुप्त प्रवाह सुरू केला. तो महासंघाच्या प्रवाहापासून वेगळा होता आणि वेगळाच ठेवला गेला, हे महत्त्वाचे.

दुसरा निर्णय: ऑगस्ट १९८१, घरचा संप

अमेरिकेच्या कामगार दिनी, १ सप्टेंबर १९८० रोजी, म्हणजे ग्दान्स्क करारावर सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीच्या लिबर्टी स्टेट पार्कमध्ये प्रचारसभा घेतली. व्यासपीठावर सॉलिडॅरिटीचे नेते लेक वावेन्सा यांचे सावत्र वडील होते. ते तिथेच जर्सी सिटीत राहत. मुक्त युनियन आणि सामुदायिक वाटाघाटी यांना जिथे बंदी आहे तिथे स्वातंत्र्य संपले, अशा अर्थाचे वाक्य रेगन बोलले. ते स्वतः एकेकाळी नटांच्या युनियनचे अध्यक्ष होते, आणि पॅटको या विमानवाहतूक नियंत्रकांच्या युनियनने त्या निवडणुकीत त्यांनाच पाठिंबा दिला.

पॅटकोच्या मागण्या मोठ्या होत्या: वर्षाला १०,००० डॉलरची सरसकट वाढ, ३२ तासांचा आठवडा, लवकर निवृत्ती. जूनमध्ये झालेला तात्पुरता समझोता ९५ टक्के सभासदांनी फेटाळला. ३ ऑगस्ट १९८१ च्या सकाळी सुमारे १३,००० नियंत्रकांनी काम सोडले. केंद्र सरकारच्या नोकरांना संपाला कायद्याने बंदी होती आणि प्रत्येकाने तशी शपथ लिहून दिली होती. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली. ५ ऑगस्टला ११,३४५ जणांना बडतर्फ केले, पुन्हा सरकारी नोकरी नाही या अटीवर. २२ ऑक्टोबरला युनियनची मान्यताच काढली.

कायदा मोडला होता, यात शंका नाही. पण १९७० मध्ये दोन लाखांच्या आसपास टपाल कामगारांनी हाच कायदा मोडला होता, आणि तेव्हा निक्सन सरकार शेवटी वाटाघाटीला बसले. म्हणजे बडतर्फी हा एकमेव मार्ग नव्हता. तो निवडलेला मार्ग होता. व्हर्जिनियातल्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याला हाता-पायांत बेड्या घालून नेतानाचे छायाचित्र जगभर छापले गेले. पोलंडचे सरकार ते पाहत होते.

योगायोगाने महासंघाची कार्यकारिणी त्याच आठवड्यात शिकागोत बसली होती. समोर पर्याय काय होते? सगळ्या युनियनांना विमानतळांवर काम थांबवायला सांगणे. किंवा निदान विमानाजवळच्या दोन युनियनांना, वैमानिक आणि यंत्रकामगार यांना, संपकऱ्यांची फळी न ओलांडण्याची विनंती करणे. किंवा निषेधाचा ठराव करून पैशाची मदत देणे. कार्यकारिणीने तिसरा मार्ग धरला आणि बाकीचे ज्या त्या युनियनवर सोडले. वैमानिक रोज संपकऱ्यांच्या फळीसमोरून कामावर गेले. पर्यवेक्षक, संपात न उतरलेले नियंत्रक आणि लष्करी नियंत्रक यांच्या बळावर निम्म्याच्या आसपास उड्डाणे लगेच चालू राहिली. पुढे प्रमाण वाढतच गेले. उलट कॅनडाच्या नियंत्रकांनी दोन दिवस अमेरिकेची विमाने हाताळायला नकार देऊन अटलांटिकवरची वाहतूक अडवली. घरच्या युनियनांपेक्षा शेजारी देशातल्या युनियनने जास्त धाडस दाखवले, हे कर्कलंड यांच्या कारकिर्दीतले सर्वांत बोचरे सत्य असावे.

नियंत्रक एकटे का पडले? बेकारी ७ टक्क्यांवर होती आणि चढत होती. ३३,००० डॉलरच्या आसपास पगार असलेले, टाय लावून काम करणारे लोक १०,००० डॉलर वाढ मागत होते. पोलाद आणि मोटार कारखान्यांतून घरी बसवलेल्या कामगाराला ते आपल्या वर्गातले वाटले नाहीत. आणि नियंत्रकांनीही इतर युनियनांशी आधी बोलून ठेवले नव्हते. गोदी आणि ग्रंथालय यांच्यामध्ये पोलंडमध्ये चार वर्षे खपून जो पूल बांधला होता, तो इथे धावपट्टी आणि कारखाना यांच्यामध्ये नव्हता.

१९ सप्टेंबरला महासंघाने वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांहून जास्त लोकांचा मोर्चा काढला. नाव दिले 'सॉलिडॅरिटी डे'. शब्द पोलंडचा उसना आणलेला, आणि तोपर्यंत नियंत्रकांना काढून सहा आठवडे झालेले. त्याच महिन्यात ग्दान्स्कच्या ओलिवा भागात सॉलिडॅरिटीचे पहिले अधिवेशन भरले. कर्कलंड यांना आमंत्रण होते, पण पोलंडने व्हिसा नाकारला.

तिसरा निर्णय: निर्बंध, आणि भार कोणावर

लष्करी कायद्यानंतर रेगन यांनी २३ डिसेंबरला दूरदर्शनवर भाषण करून देशवासीयांना खिडकीत मेणबत्ती लावायला सांगितले आणि निर्बंध जाहीर केले. कर्कलंड यांचे म्हणणे वेगळे होते: मेणबत्ती नको, पोलंडला दिवाळखोर जाहीर करा. पोलंडवर पाश्चात्त्य कर्ज अडीच हजार कोटी डॉलरच्या वर गेले होते. हप्ते थकले होते. दिवाळखोरी जाहीर झाली असती तर नवे कर्ज थांबले असते, पण त्याचा फटका पाश्चात्त्य बँकांनाही बसला असता.

सरकारने काय केले? फेब्रुवारी १९८२ मध्ये पोलंडच्या शेतमालाच्या कर्जाची ७.१ कोटी डॉलरची थकबाकी अमेरिकी बँकांना सरकारी तिजोरीतून चुकती केली, आणि तीही दिवाळखोरीची रीतसर घोषणा न करता. दुसरीकडे, कार्टर यांनी लावलेली सोव्हिएत संघाला धान्य विकण्याची बंदी रेगन यांनी एप्रिल १९८१ मध्येच उठवली होती. मध्यपश्चिमेच्या शेतकऱ्यांना दिलेले ते निवडणुकीतले वचन होते. डिसेंबरनंतरही ती बंदी परत आली नाही.

निर्बंध आले ते सायबेरियाच्या वायुवाहिनीच्या यंत्रसामग्रीवर. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या कॅटरपिलर कंपनीची वाहिनी टाकणाऱ्या यंत्रांची ऑर्डर जपानच्या कोमात्सुकडे गेली. त्याच वर्षी तिथल्या कामगारांचा २०५ दिवसांचा संप सुरू झाला. बँकांना भरपाई, धान्याला सूट आणि यंत्रकामगाराच्या हातचे काम परदेशी: लोकशाहीसाठी दिलेल्या किमतीचा वाटा कोणत्या वर्गाने किती उचलला, हे इतके स्पष्ट क्वचितच दिसते. हे सगळे ठरवताना ज्यांचा आवाज खोलीत होता, त्यांच्या वाट्याला ओझे कमी आले. पिओरियाच्या कामगाराचा आवाज काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत होता, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत नव्हता.

चौथा निर्णय: सरकारचे पैसे घ्यायचे का

८ जून १९८२ ला रेगन यांनी ब्रिटिश संसदेपुढे भाषण केले आणि लोकशाहीच्या पायाभूत घटकांची यादी सांगितली: स्वतंत्र वृत्तपत्रे, युनियन, राजकीय पक्ष, विद्यापीठे. त्यातून नोव्हेंबर १९८३ मध्ये 'नॅशनल एन्डॉवमेंट फॉर डेमॉक्रसी' ही संस्था उभी राहिली. पैसा काँग्रेसचा, मंडळ खासगी, आणि खाली चार शाखा: दोन पक्षांच्या दोन, उद्योजकांच्या चेंबर ऑफ कॉमर्सची एक, आणि महासंघाची मुक्त कामगार संघटना संस्था. मूळ मंजुरीत कामगार शाखेला १.३८ कोटी डॉलर आणि उद्योजकांच्या शाखेला २५ लाख असे वाटप होते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी संपूर्ण संस्थेला १.८ कोटी मिळाले. कागदावर पाहता महासंघाचा वाटा सर्वांत मोठा.

घ्यायचे की नाही, याबाबत बाजू दोन्हीकडे होत्या. घेण्याच्या बाजूने: वर्गणी घटत होती, आणि भूमिगत चळवळीला लागणारा पैसा वर्षाला लाखांत गेला होता. शिवाय पैसा काँग्रेसमध्ये उघड मतदानाने येणार होता, म्हणजे जुन्या गुप्त पद्धतीपेक्षा बरा. न घेण्याच्या बाजूने: मस्की यांनी १९८० मध्ये जे वाक्य खरेपणाने म्हटले होते, ते आता कोणी म्हणू शकणार नव्हते. आणि पैसा देणारे सरकार तेच, ज्याने पॅटको मोडली होती.

त्याच उन्हाळ्यात, जुलै १९८३ पासून, ॲरिझोनातल्या फेल्प्स डॉजच्या तांब्याच्या खाणींवर संप चालू होता. कंपनीने संपकऱ्यांच्या जागी कायमचे नवे कामगार घेतले. हे कायदेशीर होते: सर्वोच्च न्यायालयाच्या १९३८ च्या निकालाने मालकाला तशी मुभा दिली होती, पण चाळीसेक वर्षे मोठ्या कंपन्या ती क्वचित वापरत. १९८१ नंतर भीड चेपली. नवे कामगार आल्यावर युनियन हवी की नको यावर मतदान झाले, आणि संपावर वर्ष उलटलेल्यांचा मतदानाचा हक्क संपला होता. युनियन गेली. म्हणजे पोलंडमध्ये युनियन बंदीच्या हुकमाने गेली, ॲरिझोनात गुप्त मतदानाने. दोन्ही एकच होते असे नाही. ॲरिझोनात न्यायालय होते, वृत्तपत्र होते, पुढची निवडणूक होती, आणि कोणाला तुरुंगात डांबून युनियन रद्द केलेली नव्हती. पण खाणीच्या फाटकाबाहेर बसलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला लागणारे धैर्य महासंघाच्या किती पदाधिकाऱ्यांत होते, ही वेगळी गोष्ट.

महासंघाने पैसे घेतले.

काय बिघडले

पहिली ठेच पनामात लागली. १९८४ च्या निवडणुकीत कामगार शाखेचा पैसा एका अशा युनियनकडे गेला, जी लष्कराच्या पसंतीच्या उमेदवाराचा प्रचार करत होती. तिथल्या अमेरिकी राजदूतानेच हरकत घेतली. प्रतिनिधीगृहाने मे १९८४ मध्ये संस्थेचा निधी तोडण्याच्या बाजूने मत दिले. पुढे तो वाचला, पण कमी झाला. इथे देशांतर्गत लोकशाहीने आपले काम चोख केले, असे म्हणावे लागेल. पैसा गुप्त असता तर ही चर्चा दहा वर्षांनी झाली असती.

दुसरी अडचण विश्वासार्हतेची. पोलंड सरकारचे प्रवक्ते येर्झी उर्बान परदेशी पत्रकारांसमोर अमेरिकेतल्या बेकारीचे आणि बेघरांचे दाखले देत. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर अमेरिकेने दुधाची भुकटी देऊ केली, तेव्हा उर्बान यांनी न्यूयॉर्कच्या बेघरांसाठी ५,००० ब्लँकेटे आणि झोपायच्या पिशव्या जाहीर केल्या. खोडसाळपणा होता, पण नेम चुकला नव्हता. घरातली विषमता ही परदेशात नेलेल्या लोकशाहीच्या सामानातली उघडी राहिलेली शिवण असते. विरोधकाला बोट घालायला तेवढी पुरते.

सॉलिडॅरिटीने मात्र भान ठेवले. १९८७ मध्ये काँग्रेसने थेट १० लाख डॉलर मंजूर केले, तेव्हा ते संघटनेच्या खर्चाला न वापरता आरोग्य आणि समाजकार्यासाठी वळवण्याचा निर्णय तिने घेतला. उघड सरकारी पैसा अंगाला लावून घेण्यातला धोका घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा लवकर कळला.

निष्पत्ती

पोलंडची बाजू ठाऊक आहे. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ सरकार आणि सॉलिडॅरिटी यांची गोलमेज चर्चा. ४ जूनची निवडणूक. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा, आणि सेयम या कनिष्ठ सभागृहाच्या लढता येणाऱ्या सर्व १६१ जागा सॉलिडॅरिटीला. ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे माझोव्हिएत्स्की पंतप्रधान. १५ नोव्हेंबरला वावेन्सा अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले आणि त्यांच्याच राज्यघटनेतल्या पहिल्या शब्दांनी, 'आम्ही लोक', त्यांनी सुरुवात केली.

त्यानंतरचे कमी सांगितले जाते. १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची बाजारपेठ खुली करण्याची योजना सुरू झाली. सरकारी कारखान्यांत ठरावीक मर्यादेपलीकडे पगार वाढवला तर कारखान्यावर जबर दंडात्मक कर बसत असे. गोदीने कामगाराला शंभर झ्लॉटी जास्त दिले तर सरकारला त्याच्या कित्येक पट भरायचे. किमती मोकळ्या, पगार बांधलेला. नोंदलेली बेकारी शून्याच्या आसपासवरून १९९३ अखेर १६ टक्क्यांवर गेली. सॉलिडॅरिटीचे नेते संपकऱ्यांना थांबा म्हणत सरकारवर छत्री धरून उभे होते. मे १९९३ मध्ये सॉलिडॅरिटीच्याच खासदारांनी हान्ना सुखोत्स्का सरकारवर अविश्वास आणला आणि सरकार एका मताने पडले. सप्टेंबरच्या निवडणुकीत युनियनच्या यादीला ४.९ टक्के मते मिळाली. उंबरठा ५ टक्के होता. जुन्या कम्युनिस्टांचे वारस २० टक्के मतांवर पहिले आले. १९९६ मध्ये ग्दान्स्कची गोदी दिवाळखोर झाली.

मुक्त युनियनचा हक्क कामगारांनी मिळवला, आणि त्या हक्काने मिळालेल्या सत्तेची पहिली किंमत त्यांनीच मोजली. हे टाळता येण्यासारखे किती होते यावर पोलंडमध्ये अजून एकमत नाही. महागाई महिन्याला दोन आकड्यांत असताना सौम्य औषध उपलब्ध होते असे म्हणणारे त्या औषधाचे नाव सांगताना अडखळतात. पण पगारावरचा तो कर कोणी, कोणाशी बोलून लावला, हा साधा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'युनियनशी बोलून' असे नाही.

अमेरिकेत हजार किंवा जास्त कामगारांचे संप १९८० मध्ये १८७ झाले होते; १९८८ मध्ये ४०. पगारदारांमधले युनियन सभासदांचे प्रमाण १९८३ मध्ये २०.१ टक्के होते. १९८९ मध्ये १६.४. याला एकटा पॅटको जबाबदार नाही. कारखाने दक्षिणेकडे आणि परदेशी चालले होते, आयात वाढत होती. पण मालकांना संप फोडण्याची परवानगी मिळाल्यासारखे वाटले, ते ऑगस्ट १९८१ मध्येच. बडतर्फ नियंत्रकांवरची बंदी क्लिंटन यांनी १९९३ मध्ये उठवली. तोवर बहुतेकांनी दुसरे धंदे धरले होते.

१९९५ च्या सुरुवातीला महासंघातल्या मोठ्या युनियनांनी कर्कलंड यांना जायला सांगितले. तक्रार एकच, वेगवेगळ्या शब्दांत: यांना वॉर्सा ठाऊक आहे, ओहायो ठाऊक नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी पद सोडले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला महासंघाच्या इतिहासातली पहिली खरी लढत होऊन जॉन स्वीनी निवडून आले. दुसऱ्या देशात स्पर्धात्मक निवडणूक घडवायला मदत करणाऱ्या संघटनेत स्वतःच्या अध्यक्षपदासाठी अशी निवडणूक त्याआधी झालेली नव्हती.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या निर्णयात बदलण्यासारखे काही नाही. वर्गणीतून, उघडपणे, मागितलेलेच सामान देणे हा नमुना आजही चालेल. अट एवढीच की वर्गणी देणारे सभासद हवेत.

दुसऱ्या निर्णयात चूक ३ ऑगस्टच्या आधीची आहे. जूनचा समझोता फेटाळला गेला तेव्हा संपाला काहीच दिवस उरले होते. पण समझोता झाल्यापासून सहा आठवडे हातात होते. त्या काळात वैमानिक आणि यंत्रकामगार यांच्या युनियनांना पॅटकोसोबत एका टेबलावर बसवणे, १०,००० डॉलरचा आकडा मागे घेऊन कामाचे तास आणि ताण हे मुद्दे पुढे आणणे, प्रवाशांना सुरक्षिततेची बाजू सांगणे, हे महासंघ करू शकला असता. कार्यकारिणीत ३ तारखेला उशीर झालेला होता. तेव्हा सार्वत्रिक बंद पुकारला असता तर कदाचित आणखी युनियनांच्या मान्यता गेल्या असत्या. म्हणून शिकागोतल्या त्या बैठकीला भित्री म्हणणे सोपे आहे, पण फार उपयोगाचे नाही.

तिसऱ्या निर्णयात महासंघाने दिवाळखोरीचा आग्रह धरला, पण निर्बंधांनी घरचे जे कामगार पोळणार त्यांच्या भरपाईचा आग्रह त्याच दमात धरला नाही. बँकांसाठी ७.१ कोटी निघू शकतात तर पिओरियासाठी काय निघेल, हा प्रश्न काँग्रेसमध्ये विचारता आला असता, आणि तो विचारल्याने पोलंडचे काही बिघडले नसते.

चौथ्या निर्णयात मधली वाट होती. पोलंडचा निधी वर्गणीचा आणि वेगळ्या खात्याचा ठेवायचा, सरकारी पैसा फक्त प्रशिक्षणासारख्या कामांना घ्यायचा, आणि निवडणूक चालू असलेल्या देशात त्यातला एकही डॉलर कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देणाऱ्या युनियनकडे जाणार नाही असा लेखी नियम आधी करायचा. हा नियम पनामानंतर झाला. पैसे घेताना एक मागणीही ठेवता आली असती: ज्या ८७व्या कराराच्या नावाने हा सगळा खटाटोप चालला होता, तो सिनेटपुढे आणा. त्या वेळी महासंघाची गरज सरकारला होती, सरकारची महासंघाला तेवढी नव्हती. सात-आठ वर्षांनी ते उलट झाले.

आणि १९८९ नंतरचे एक. दहा वर्षे छपाईची यंत्रे पाठवणाऱ्यांनी १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ, वकील आणि हिशेबनीस पाठवायला हवे होते: कारखान्याचे खासगीकरण होताना कामगार मंडळाने कोणती कागदपत्रे मागायची, पगारकराचा हिशेब कसा तपासायचा, बेकारभत्त्याची वाटाघाट कशी करायची, हे शिकवायला. थोडे झाले, उशिरा झाले. सल्लागारांची विमाने वॉर्सात उतरत होती, पण त्यातले बहुतेक अर्थमंत्रालयाकडे जात होते. गोदीच्या दोन नंबरच्या फाटकाकडे जाणारे कमी होते.